कारल्याचं दुसरं नाव

मी निवडलेलं कारलं भाजीवाल्या आजींनी माझ्या हातातून काढून घेतलं, ढिगात परत ठेवलं आणि दुसरं दिलं. देण्याआधी त्यावरून अंगठा फिरवला, देठाकडून टोकाकडे, तान्ह्या बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग माझाच अंगठा धरून मलाही तसा फिरवायला लावला. हे कारलं आपल्या कारल्यासारखं नव्हतं. आपलं गर्द हिरवं, काटेरी, दोन्ही टोकांना निमुळतं. हे फिकट पोपटी, चांगलं वीतभर लांब, आणि अंगावर काट्यांऐवजी मेणबत्तीवरून ओघळून थिजलेल्या मेणासारखे जाड, गुळगुळीत वळ. गल्ल्यावर बसलेली त्यांची नात, कॉलेजात जाणारी असावी, इंग्रजीतून म्हणाली, "पो पो म्हणते, वळ रुंद असले की गर जाड निघतो. बारीक वळांचं घेऊ नका." पो पो म्हणजे आईची आई.

"याला तुमच्यात काय म्हणतात?" मी विचारलं.

"फू ग्वा," नात म्हणाली, आणि आजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं दिवेलागणीला कोणी शिंकलं असावं. मग माझ्याकडे वळून, सावकाश, मला नीट ऐकू जावं म्हणून म्हणाल्या, "ल्योंग ग्वा."

नातीने समजावून सांगितलं. ग्वा म्हणजे वेलावरचं फळ. काकडी, भोपळा, दोडका, सगळे ग्वाच. फू म्हणजे कडू. पण फू म्हणजे नुसती जिभेची चव नव्हे, आयुष्यातले हाल, कष्ट, तेही फू. जेवायला बसताना रोज त्याचं नाव कशाला काढायचं? म्हणून कॅन्टोनीज घरांत कारल्याला ल्योंग ग्वा म्हणतात. थंड फळ. अंगातली उष्णता उतरवणारं.

मी ते थंड फळ हातात धरून स्टॉक्टन स्ट्रीटवरच्या त्या दुकानात उभी राहिले आणि कानात माझी आजी बोलू लागली. बांगडी फुटली म्हणू नये गं, वाढवली म्हणावं. दिवा विझवला म्हणू नये, मालवला म्हणावं. नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. दुकानाला कुलूप लावून घरी येणारा वाणीसुद्धा "दुकान वाढवून आलो" म्हणायचा. लहानपणी मला हे कोडंच वाटे, की जे जे संपतं, तुटतं, त्याला आमच्या घरात वाढणं का म्हणतात. सांगितलं कोणीच नाही. इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, भाजीवालीच्या एका नजरेने ते मला सांगितलं.

२०२३च्या एप्रिलमध्ये मी लेकीकडे गेले होते, सहा महिन्यांसाठी. तिचं घर सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, फ्रीमाँटला. तिथे आपली माणसं इतकी आहेत की ज्वारीच्या पिठापासून मेतकुटापर्यंत सगळं मिळतं. मिळत नाही तो रस्त्यावर चालणारा माणूस. ठाकूरद्वारच्या चाळीत वाढलेल्या बाईला दुपारच्या त्या शांततेची भीती वाटते. एका रविवारी लेक मला चायनाटाउन दाखवायला घेऊन गेली आणि तिथल्या गर्दीत मला कोणाचं तरी कोपर लागलं. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा. त्या धक्क्याने इतकं बरं वाटलं की पुढे दर मंगळवारी मी एकटी जाऊ लागले. बार्ट रेल्वेने पॉवेल स्टेशनपर्यंत, आणि तिथून त्याच जानेवारीत पुरती सुरू झालेल्या नव्या भुयारी मार्गाने एक स्टेशन.

पाहुण्यांना दाखवायचा रस्ता ग्रँट ॲव्हेन्यू. त्याच्या तोंडाशी १९७० साली बांधलेली हिरव्या कौलांची वेस, दोन दगडी सिंह, पुढे रस्ताभर आडव्या दोऱ्यांवर लाल कंदील. छपरांचे कोपरे वर वळलेले, खांबांवर ड्रॅगन. पहिल्या दिवशी मला वाटलं, घर सोडून आलेल्या माणसांनी गावाकडची घरं आठवून आठवून बांधली असणार. तसं नाही. १८ एप्रिल १९०६च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत ही वस्ती राख झाली. जागा मोक्याची, म्हणून शहराच्या पुढाऱ्यांच्या मनात आलं की चिनी लोकांना आता आग्नेयेकडच्या टोकाला, हंटर्स पॉइंटला हलवावं. तेव्हा लुक तिन एली नावाचा, अमेरिकेतच जन्मलेला व्यापारी पुढे झाला. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी गोरे वास्तुविशारद नेमले आणि गोऱ्या पाहुण्याच्या मनात चीन जसा असतो तसा इथे उभा करवून घेतला. लोक बघायला येतील, खर्च करतील, शहराला पैसा मिळेल. मग कोण उठवील?

कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या कोपऱ्यावर सिंग चोंग नावाची इमारत आहे, त्या वेळची. मी तिच्या पायथ्याशी पुष्कळदा उभी राहिले. पायाखाली केबल कारचा लोखंडी दोर रस्त्याच्या खाचेतून घरघरत असतो. वर मान केली की आधी दिसते ती पॅगोड्याची टोपी. नजर हळूहळू खाली आणली की टोपीखालची साधी इमारत दिसते, शहरातल्या चारचौघींसारखी. त्या छपराला खोटं म्हणणारे मी वाचले आहेत. मला ते मान्य नाही. घरावर नांगर फिरवायला निघालेल्यांच्या हातून घर वाचवणारं छप्पर खोटं कसं असेल?

या रस्त्याचं भूकंपाआधीचं नाव ड्यूपाँ स्ट्रीट. शहराने ते बदललं. पण वस्तीतली जुनी माणसं अजून "दू पोन गाइ" म्हणतात. गाइ म्हणजे रस्ता. आमच्या घरात नाना शंकरशेटांविषयी अपार आदर होता, तरी जगन्नाथ शंकरशेट मार्गाला आई शेवटपर्यंत गिरगाव रोडच म्हणत आली.

ग्रँटच्या वर, चढावर एक रस्ता ओलांडला की स्टॉक्टन. इथे कंदील नाहीत. इथे लोक भाजी घेतात. फुटपाथवर अर्ध्यापर्यंत आलेली खोकी, त्यांतून वाट काढत दोन चाकांच्या पिशव्या ओढणाऱ्या बायका, आणि दुकानाच्या दारातून भाव ओरडणारी पोरं. हातहातभर चवळीच्या शेंगा जुड्या बांधून ठेवलेल्या. शिरांचा दोडका, कोहळा, अळकुड्या, चिखल न धुतलेली कमळकाकडी. एक पालेभाजी पाहून मी थबकलेच. हिरव्या पानाच्या मधोमध लाल डाग. आपला माठ! जुडी उचलून मी नाकाशी नेली. शेजारची बाई पाहत होती, तिनेही एक जुडी उचलून हुंगली आणि मान हलवली. आमच्या दोघींचं त्यावर एकमत झालं आणि ती निघून गेली.

काचेच्या टाक्यांत जिवंत मासे. त्यांच्यापलीकडे सुक्याचं दुकान. मोठमोठ्या काचेच्या बरण्यांत वाळवलेले शिंपल्यांचे गोळे, काळे, आक्रसलेले समुद्रातले जीव, टोपीसारखी अळंबी, आणि एका बरणीत सोडे. रंगाने लालसर, नखाएवढे, पण वास तोच. दुकानदाराने झाकण उघडलं आणि मी एकदम आईच्या स्वयंपाकघरात, फडताळासमोर उभी राहिले, जिथे सोड्यांचा डबा सगळ्यात वर, मांजराच्या भीतीने. पाव किलोच्या आसपास घेतले. त्या रात्री लेकीच्या घरी सोड्यांची खिचडी झाली आणि जावयाने दोनदा मागून घेतली.

त्याच दुकानात केसांच्या गुंतवळासारखं काळं शेवाळ पाहिलं. त्याला चव फारशी नसते म्हणे. नववर्षाच्या जेवणात मात्र ते हवंच, कारण त्याचं नाव "फात चोय" आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ भरभराट. नावासाठी खायचं. मला हे पटायला काहीच वेळ लागला नाही.

भाजीवाल्या आजींच्या शेजारी काष्ठौषधींचं दुकान होतं. भिंत भरून लाकडी खण, प्रत्येकाला पितळी कडी, तेल लागून लागून काळसर झालेली. मालक, ऐंशीच्या घरातले, चिठ्ठी वाचून एकेक खण ओढत, चिमूट काढत, छोट्या तराजूत तोलत आणि पांढऱ्या कागदावर ढीग मांडत. सगळे ढीग मांडून झाले की चार कोपरे उचलून अशी घडी घालत की दोऱ्याची गरज नाही. आमच्या भुलेश्वरचा वैद्य हेच करायचा, फक्त कागद वर्तमानपत्राचा. मी ओळखलेली पहिली वस्तू ज्येष्ठमध. दुसरी सुंठ. तिसरी सालीची वळकटी, ती पाहून मी मराठीतच बोलून गेले, "दालचिनी!" ते हसले. त्यातलं चिनी त्यांना ऐकू आलं असावं. फारसीत दार म्हणजे लाकूड. चीनचं लाकूड ते दालचिनी. आणि मालकांनी समोर ठेवलेल्या पेल्यात काय आहे विचारलं तर म्हणाले, "छा." मी म्हटलं, "चहा." शब्दाच्या अर्ध्या वाटेवर आम्ही भेटलो.

स्टॉक्टन आणि ग्रँट यांच्या मधल्या गल्ल्यांवर माझा जीव जडला. रॉस अॅलीत १९६२पासून एक कारखाना आहे, खोलीएवढा. फिरत्या तव्यांवर पातळ गोल चकत्या भाजल्या जातात आणि बायका त्या गरम असतानाच आत चिठ्ठी घालून, लोखंडी दांडीवर मुडपून बिस्किटं करतात. ही चिठ्ठीची बिस्किटं चीनमधली नव्हेतच, पण गल्लीत पसरणारा तो गोड वास मला थेट ताज्या नानकटाईकडे घेऊन गेला. पलीकडच्या गल्लीत बंद दारांआडून माजाँगच्या सोंगट्यांचा आवाज येतो, पाटावर पत्र्याच्या डब्यातून चिंचोके ओतावेत तसा. वर पाहावं तर लोखंडी जिन्यांवर वाळत घातलेले पायजमे, मुलांचे मोजे, दोरीला टांगलेली हिरवी पालेभाजी.

त्या खिडक्यांमागे काय आहे ते नातीने सांगितलं. आठ बाय दहाची खोली. पन्नास माणसांत एक स्वयंपाकघर, मजल्याच्या टोकाला सामायिक संडास. ती सात वर्षांची होईपर्यंत अशाच एका खोलीत राहिली, आईवडील आणि पो पोसह. दुमजली खाटेच्या वरच्या मजल्यावर अभ्यास, खालच्यावर भाज्यांची टोपली. ती हे हसत सांगत होती. शेगडीसाठी रांग, शेजारच्या बाईने वाटीतून दिलेली कांजी, कोणाच्या तरी लग्नात सगळा मजला जागलेला. मी तिला चाळ सांगितली. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मीही हसतेच आहे. गणपती, कोजागिरी, सताड उघडी दारं. आम्ही चाळकरी चाळ नेहमी अशीच सांगतो. माझी आई पहाटे चारला उठायची ती देवासाठी नव्हे, नळासाठी. वडील आजारी असताना त्यांना खोलीच्या एका भिंतीशी निजवून दुसऱ्या भिंतीशी माझ्या बहिणीला दाखवण्याची बैठक झाली, मध्ये चादरीचा पडदा. हे आम्ही सांगत नाही. कारल्याचं दुसरंच नाव सांगतो.

या वस्तीने आपल्या गावालाही असंच नाव दिलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोला ते म्हणतात गाउ गाम सान, जुना सोन्याचा डोंगर. १८४८-४९मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी दक्षिण चीनमधल्या किनाऱ्यावर पोचली आणि तैशानसारख्या दुष्काळी, भांडणांनी पोळलेल्या मुलखातून तरणे पुरुष निघाले. सोनं लवकरच संपलं. मग त्यांनी डोंगर फोडून रेल्वेमार्ग टाकले, लोकांचे कपडे धुतले. १८८२ साली कायदाच झाला की चिनी मजुराने या देशात यायचं नाही, आणि इथे असलेल्याला नागरिक होता येणार नाही. तो उठला १९४३ साली, तोही वर्षाला १०५ माणसांपुरता. बायकोला आणता येईना आणि गोरी बायको करता येईना, अशी पुरुषांची अख्खी पिढी त्या आठ बाय दहांत म्हातारी झाली. निघताना दारात उभ्या बायकोला त्यांच्यातला एखादा काय म्हणाला असेल? आमच्यात जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात.

भूकंपानंतरच्या त्या आगीने एक वाट मात्र उघडली. नगरपालिकेतली जन्माची दप्तरं जळाली. मग माझा जन्म इथलाच, असं सांगणाऱ्याला खोटं पाडता येईना. आणि नागरिकाच्या मुलांना तर येता येत होतं. गावात मुलगा नसला तरी कागदावर असायचा, आणि ती कागदावरची जागा दुसऱ्या कोणाचा मुलगा विकत घ्यायचा. कागदी मुलगे. आपलं आडनाव बंदरात सोडून परक्याचं आडनाव लावून ते जगले, संसार केले. काहींच्या थडग्यावर इंग्रजीत कागदाचं नाव कोरलं आहे आणि चिनीत खरं.

लेकीबरोबर एका शनिवारी मी बोटीने एंजल आयलंडवर गेले. १९१० ते १९४० या काळात येणाऱ्यांना तिथे अडकवून ठेवत, आठवडेच्या आठवडे, कोणाला वर्षभराहून जास्त. तुझ्या घराला पायऱ्या किती, गावातली विहीर कोणत्या दिशेला, तांदळाची कोठी कुठे ठेवता? बापाचं आणि मुलाचं उत्तर जुळलं नाही की परत. निजायच्या दालनात लाकडी भिंतींवर उभ्या ओळी कोरलेल्या आहेत. कविता. वरून रंगाचे थर चढले, तरी अक्षरांची खोली बुजली नाही. १९७० साली इमारत पाडायचं चाललं असताना तिथल्या एका वनरक्षकाच्या त्या नजरेस आल्या आणि भिंती वाचल्या. लेकीने शेजारच्या फलकांवरची भाषांतरं मला एकेक वाचून दाखवली. मी ऐकत ऐकत बोट भिंतीच्या जवळ नेलं, लावलं नाही. तिथे सोन्याचा डोंगर कोणी थंड फळ करून सांगितला नव्हता. संताप होता, लाज होती, बायकोची आठवण होती, सूड घ्यायची भाषा होती. कडूला कडू म्हटलं होतं, कारण ऐकायला कोणी पो पो नव्हती, किंवा उद्या जेवायला बसायचं घरच नव्हतं. परतीच्या बोटीत वारा फार होता. आम्ही दोघी बोललो नाही.

पोर्ट्समथ चौकात दुपारी म्हातारे जमतात. वस्तीत त्याला फा युन गोक म्हणतात, बागेचा कोपरा. पुठ्ठ्याचं खोकं उलटं टाकून त्याभोवती पत्त्यांचा डाव, दहा खेळणारे आणि वीस सल्ले देणारे. तिथून हाकेच्या अंतरावर कर्नी आणि जॅक्सनच्या कोपऱ्यावर इंटरनॅशनल हॉटेल होतं. नाव हॉटेल, राहत होते म्हातारे फिलिपिनो आणि चिनी कामगार, एकेका खोलीत एकेक जन्म काढलेले. जागेला किंमत आली आणि ४ ऑगस्ट १९७७च्या पहाटे पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. भोवती हजारो लोक हातांत हात अडकवून उभे होते तरीही. इमारत पाडली आणि जागा वर्षानुवर्षं खड्डा होऊन पडून राहिली. २००५मध्ये तिथे वृद्धांसाठी घरं उभी राहिली खरी, पण त्या पहाटे निघालेल्यांपैकी बहुतेक तोवर नव्हते. आमच्या गिरगावात मेट्रोसाठी इमारती पाडल्या तेव्हा मी नाक्यावर उभी राहून पाहत होते. भिंत पडल्यावर तिसऱ्या मजल्यावरची निळी खोली उघडी पडली, खुंटीवर कॅलेंडर तसंच. त्या दिवशी मला कोणताच मऊ शब्द सुचला नव्हता.

वेव्हर्ली प्लेसमध्ये, चौथ्या मजल्यावर, समुद्राच्या देवीचं देऊळ आहे. तिन हाउ. १८५२ साली स्थापन झालं असं सांगतात. समुद्र ओलांडून आलेल्यांनी आधी तिचे आभार मानले. जिना अरुंद, लाकडी. वर धूप, लाल कंदिलांचं दाट छत, प्रत्येकाखाली लोंबणारी लाल चिठ्ठी, आणि देवीपुढे संत्र्यांच्या राशी. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणाऱ्या गावची मी. हात रिकामे कसे पुढे करणार? खाली उतरून दोन संत्री आणली, परत वर चढले. देखरेख करणाऱ्या बाई समईसारख्या दिव्यात तेल घालत होत्या. ज्योत बारीक झाली होती. त्यांनी हाताचा आडोसा केला आणि काहीतरी पुटपुटल्या. कळलं नाही, पण आवाज ओळखीचा वाटला.

२८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. लेकीच्या घरचे गणपती आम्ही अंगणात, बादलीत पोचवले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार असूनही मी स्टॉक्टनला गेले, कारण ती भाद्रपदी पौर्णिमा, त्यांचा चंद्राचा सण, आणि पुढच्या आठवड्यात माझं विमान. दुकानादुकानांत चांदकेकचे डबे रचलेले. लाकडी साच्यात दाबून, साचा उलटा आपटून पाडतात ते, आपण पेढे साच्यात पाडतो तसे; आत कमळबीजाचं सारण आणि मधोमध खारवलेला अंड्याचा पिवळा बलक. चंद्र.

भाजीवाल्या आजींकडे गेले तर शेजारचं काष्ठौषधींचं दुकान उघडं आणि मोकळं. खण नाहीत. भिंतीवर त्यांच्या रांगांचा फिकट चौकोन, आणि जमिनीवर ज्येष्ठमधाचा भुसा. नात म्हणाली, मालक लेकाकडे राहायला गेले, सॅक्रामेंटोला; दुकान चालवायला मागे कोणी नव्हतं.

"तर आता ते रिकामं," मी म्हणाले. नातीने तसंच आजींना सांगितलं असावं, कारण आजींनी लगेच तिला अडवलं. "गात पोउ," त्या म्हणाल्या.

"रिकामं म्हणजे हुंग," नात मला सांगू लागली. "पण अशुभालाही हुंगच म्हणतात, आवाज एकच. म्हणून रिकाम्या दुकानाला आम्ही गात पोउ म्हणतो. शुभ दुकान." ती जरा थांबली. "तुमच्या भाषेत काय म्हणतात, असं पो पो विचारते."

"वाढवलं," मी म्हणाले. "दुकान वाढवलं."

अर्थ सांगायला मला थोडा वेळ लागला, नातीला तो आजींपर्यंत पोचवायला आणखी थोडा. आजींनी रुंद वळांची दोन कारली काढून ठेवली होतीच. ती कागदात गुंडाळत, मोकळ्या दुकानाच्या दाराकडे पाहत त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. पहिल्यांदा नीट जमला नाही. मी पुन्हा म्हटला. त्यांनीही पुन्हा म्हटला, ढ जरा हलका, शेवट लांबवून, "वाडवलाऽऽ", आणि पुडी माझ्या हातात दिली.